अण्णांची मर्सिडीज: रंग नको, दोषांची यादी करा

प्रश्न : माझे वडील (घरात आणि दवाखान्यातही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे) मिरजेत डॉक्टर होते. 2003 मध्ये त्यांनी पुण्याहून 1996 ची मर्सिडीज ई 220, पेट्रोल, सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत तीच चालवली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी आणि आई विश्रामबागेत राहतो. आठवड्यातून एकदा मी गाडी मिरजेपर्यंत फिरवून आणते. चालते छान, पण एसी थंड करत नाही, किलोमीटरचा आकडा कित्येक वर्षं 1,38,000 वर अडकलाय, बोनेटचा रंग उडालाय. पेंटर म्हणतो, पूर्ण रंगाला 1 लाख 60 हजार घाला, मग दुप्पट किंमत येईल. भंगारवाला 70 हजार देतोय. एक एजंट 1 लाख 40 हजार म्हणतो. गाडी अजून अण्णांच्याच नावावर आहे, पण त्यांनी 2021 मध्ये विकायचं मनात आणलं होतं तेव्हाचे सह्या केलेले कोरे फॉर्म सापडलेत, त्यावर काम होईल असं एजंटाचं म्हणणं. विमा भाऊ पुण्याहून ऑनलाइन भरतो. तो म्हणतो, थांब, आता ती व्हिंटेज होईल, वीस लाख येतील. येत्या नोव्हेंबरात पासिंग संपतंय. आईचं एकच म्हणणं, गाडी कापली जाऊ नये. काय करू?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर :

ताई, तुम्हाला चार जणांनी चार सल्ले दिलेत आणि चौघांपैकी एकानंही गाडी चालवून पाहिल्याचं पत्रात दिसत नाही. गाडी रोज चालवता येण्याजोगी आहे हे एकट्या तुम्हालाच माहीत आहे. विक्रीसाठी तेवढं भांडवल पुरतं, पण ते वापरायच्या आधी कागद सरळ करावे लागतील.

एजंटाचा सल्ला सगळ्यात आधी बाजूला काढा. ते कोरे टीटी फॉर्म, म्हणजे विकलेली गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचे नमुना 29 आणि 30, आजच फाडून टाका. मृत माणसाच्या सहीवर आजची तारीख घालून गाडी विकणं ही सरळ सरळ बनवाबनवी आहे, आणि उद्या प्रकरण उलटलं तर एजंटाचं नाव कुठल्याच कागदावर नसेल. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना 31 आहे. कायद्यानं वारसानं आरटीओला 30 दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला उशीर झालाय, त्याचा भुर्दंड पडू शकतो. तरी मार्ग हाच. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, तुमचं आणि भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र एवढं घेऊन गाडी आईच्या नावावर करून घ्या. गाडी 2019 च्या एप्रिलपूर्वीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, आणि ती नसेल तर आरटीओत नाव ट्रान्सफरचं काम अडतं. म्हणून प्लेट आधी.

विम्याचं त्याहून तातडीचं. पॉलिसीच्या छापील अटींतच लिहिलेलं असतं की विमाधारक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालते. तुमचे बंधू दोन वर्षं अण्णांच्या नावानं ऑनलाइन पैसे भरतायत, पावती येतेय, सगळ्यांना वाटतंय विमा आहे. अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. तेव्हा मिरजेची आठवड्याची फेरी तूर्त थांबवा. बॅटरीसाठी गाडी दारातच थोडा वेळ चालू ठेवा. विमा कंपनीशी बोलून पॉलिसी आईच्या नावावर होईपर्यंत गिऱ्हाइकाला ट्रायलही देऊ नका.

आता बंधूंचं व्हिंटेज. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच बसते. तुमची बसेल 2046 मध्ये. तोवर गाडी कोण सांभाळणार, एवढंच बंधूंना विचारा. पुण्यात त्यांच्या पार्किंगमध्ये जागा असेल तर प्रश्नच मिटला! जुन्या गाडीची किंमत नुसत्या वयानं वाढत नाही. कंपनीनं किती बनवल्या, आज किती धड उरल्यात आणि कितीजणांना हव्यात यावर ती ठरते. तुमची गाडी ज्या मालिकेतली, तिला जाणकार डब्ल्यू 124 म्हणतात. जगात ती 1984 पासून बनली. मर्सिडीज भारतात आली आणि 1995 पासून पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली, तेव्हाची पहिली गाडी हीच. म्हणजे तिला इतिहास आहे, चाहते आहेत, पण ती दुर्मीळ नाही. वीस लाखांची गाडी वेगळी असते. तिच्या मालकानं ती पावसात कधी बाहेर काढलेली नसते.

पेंटरकाकांच्या मताचा आदर आहे, पण त्यांचा धंदा रंगाचा आहे. पूर्ण रंग मारलेली तीस वर्षांची गाडी पाहिली की जाणकाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, रंगाखाली काय आहे? लांबी (पुट्टी) किती भरली, पत्रा कुठे कापला, ठोकर कुठे लागली? तुमचे 1 लाख 60 हजार जातील आणि वर संशय विकत घ्याल. उडालेल्या रंगाचं बोनेट प्रामाणिक दिसतं. बाकीच्या अंगाला मूळ रंग असेल तर चाहत्यांच्या लेखी तोच मोलाचा. धुवा, आतून नीट साफ करा, हातानं पॉलिश करा, बस. सीटला कव्हरं घातली असतील तर ती काढा, म्हणजे खालची मूळ सीट दिसेल.

पैसे घालायचेच तर पासिंगवर घाला, कारण ते फुकट जात नाहीत. नोव्हेंबरात आरसीची मुदत संपतेय. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधीच्या 60 दिवसांत करता येतो, तेव्हा आत्ता वारसनोंद उरकली की वेळ बरोबर जुळतेय. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. आयात केलेल्या गाडीला मात्र तीच फी 80,000 आहे. तुमची पुण्यात जुळलेली, म्हणून आरसीवर चुकून आयात गाडी अशी नोंद नाही ना, हे आधी नीट वाचून घ्या. असली तर दुरुस्तीचा अर्ज आधी. पासिंगसाठी ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, पीयूसी हे ठीक लागतंच, म्हणजे जे काम सुरक्षिततेसाठी कुणीही सुज्ञ माणूस करेल तेच होतं. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर फार जुने निघाले तर नक्षी कितीही दिसू दे, बदला. पुढची पाच वर्षं आरसी चालू असलेली गाडी पुण्याच्या गिऱ्हाइकाला रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त भुरळ घालते, कारण आरटीओच्या फेऱ्या त्याला नको असतात.

एसीला हात लावू नका. या मॉडेलचा इव्हॅपोरेटर, म्हणजे एसीतला हवा थंड करणारा भाग, गेला की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ही जगभरातल्या मालकांची जुनी रड आहे. उतरवताना तीस वर्षांचं प्लास्टिक तुटतं ते निराळंच. सांगलीच्या एप्रिलात एसीशिवाय ट्रायल देणं जिवावर येतं, मान्य आहे. ट्रायल सकाळी सातला ठेवा, आणि एसी बंद आहे हे फोनवरच सांगून टाका.

किलोमीटरचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच माणसं घसरतात. या गाड्यांच्या मीटरमधलं प्लास्टिकचं बारीक दातेचाक झिजून तुटतं. वेगाचा काटा चालत राहतो आणि किलोमीटर गोठतात. हे इतकं सर्रास होतं की त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उद्या कुणी तुम्हाला सुचवेल की आकडा दिसतोय तो दिसू दे, आपण कशाला बोला. 1,38,000 हा आकडा गिऱ्हाइकाला खूश करणारा आहे, म्हणूनच तो तसाच दाखवणं ही फसवणूक. अण्णांची बिलं काढा. सर्व्हिसच्या बिलावर बहुधा किलोमीटर लिहिलेले असतात. ज्या तारखेनंतर प्रत्येक बिलावर तोच आकडा येतो, ती तारीख लिहून ठेवा. नवं दातेचाक बसवून आकडा पुन्हा पळवायचाही आग्रह नको, मधली वर्षं त्यानं परत येत नाहीत.

तुमच्या गाडीची दुसरी परीक्षा सांगलीच्या नावानं होणार आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 फूट. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर. तेव्हापासून सांगलीचा पत्ता ऐकला की बाहेरचं गिऱ्हाईक आधी विचारतं, पुरात होती का? रागावू नका. त्या दोन्ही वेळी गाडी कुठे उभी होती ते लिहून द्या. विश्रामबागेत असेल तर तसं, नदीकाठच्या गावभागात किंवा सांगलीवाडीत कुणाकडे असेल तर तेही. मग गिऱ्हाइकासमोर मागची सीट उचला, डिकीतलं सुट्टं चाक काढून खालचा खळगा दाखवा, पायाखालचं कार्पेट उलटा. पुराचा गाळ धुतला तरी सीटच्या रुळांत आणि शिवणींत राहतो. तो नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. तुमच्या शपथेपेक्षा त्याचा विश्वास त्यावर बसेल.

आता यादी. सगळा सल्ला इथेच येऊन थांबतो. मार्केट यार्डात हळदीचं हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तशी तुम्ही तुमची गाडी स्वतःच मोडून दाखवायची. जाहिरात साधारण अशी करा, अर्थात जे तुमच्या गाडीला लागू आहे तेच ठेवून:

“मर्सिडीज ई 220, डब्ल्यू 124, पेट्रोल, 1996, पुण्यात जुळणी केलेली. 2003 पासून आमच्याच घरात, आता वारसाहक्कानं आईच्या नावावर. आरसी नूतनीकरण झालेलं, विमा आणि पीयूसी चालू. वापरातली गाडी आहे, प्रदर्शनातली नाही. एसी थंड करत नाही, इव्हॅपोरेटर बदलावा लागेल असं मेकॅनिकचं मत. किलोमीटरचा आकडा 1,38,000 च्या आसपास थांबलेला, खरं अंतर त्याहून जास्त. बोनेटचा लॅकर (रंगावरचा चकाकीचा थर) उडालेला. एका दाराचं सेंट्रल लॉक पडत नाही. पॉवर स्टिअरिंगच्या नळीला ओल. ड्रायव्हरची सीट खचलेली. पुराचं पाणी लागलेलं नाही, तपासून घ्यावं. सगळी बिलं दाखवू. गाडी सांगलीत, थंड इंजिनवर दाखवली जाईल.”

लॉक, स्टिअरिंग आणि सीटचं मी अंदाजानं घातलंय, या वयाच्या गाडीत ते सहसा असतंच. ही मालिका लॉकसाठी हवेचा दाब वापरते, त्यामुळे एक नळी चिरली की एखादं दार आडमुठेपणा करतं. तुमची यादी तुमचा मेकॅनिक करेल. शंभर फुटी रोडला असो की मिरजेत, ज्यानं अण्णांची गाडी सांभाळली त्याच्याकडूनच करून घ्या, आणि तपासणीचे पैसे द्या. फुकट तपासणी करणारा मेकॅनिक अनेकदा स्वतःच घेणारा निघतो. त्याला तीन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा: जॅक लावायच्या जागी गंज आहे का, पुढच्या चाकांच्या जोडणीतले बॉलजॉइंट आणि बुश किती ढिले आहेत, आणि इंजिनचं वायरिंग. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या पेट्रोल इंजिनांवर वायरींचं आवरण असं काही वापरलं होतं की उष्णतेनं ते कडक होऊन भुग्यासारखं गळायचं. 1996 ची गाडी त्या काळाच्या काठावर आहे. जाणकार गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत हे विचारेल. अण्णांनी कधी वायरिंग बदललं असेल तर ते बिल फायलीत सगळ्यात वर लावा.

आणखी एक प्रश्न हल्ली हमखास येतो: वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाडीला चालेल का? (आपल्याच जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आपल्याच जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना खातं, हा एक विनोदच.) 1996 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या असतील तर सांगा, नसतील तर तेही सांगा. हे काम फार खर्चाचं नाही, पेट्रोलचा वास येत असेल तर विकायच्या आधी कराच, कारण तिथे आगीचा प्रश्न आहे.

गुणही सांगा की. डॉक्टरांची गाडी, वीस वर्षांवर एकच घर, टायमिंगला बेल्ट नसून चेन, 2.2 लिटरचं 150 अश्वशक्तीचं इंजिन. आणि तो एकच लांब वायपर, जो काचेच्या कोपऱ्यात पोचायला मधेच हात लांब करतो, तो चालू करून दाखवा. या गाडीची आवड असलेला माणूस तिथे हसतो, आणि नुसताच भाव पाडायला आलेला असेल तर घड्याळ बघतो.

किंमत. भंगारवाल्याचा 70 हजारांचा आकडा हा तळ समजा, त्याहून खाली काहीच नाही. एजंटाचे 1 लाख 40 हजार म्हणजे तोच ही गाडी यादीसकट पुण्याला जास्तीनं विकणार. कागद पूर्ण, पासिंग झालेलं, बिलांची फाइल आणि यादी असेल, तर तुमच्या वर्णनावरून मी अडीच लाख मागेन आणि दोनच्या खाली येणार नाही. हा माझा अंदाज, गाडी न पाहता केलेला. मेकॅनिकनं गंज मोठा काढला तर तो खाली येईल. गिऱ्हाईक एसीवर बोट ठेवून भाव पाडू लागलं की शांतपणे सांगा, एसी बंद आहे हे जाहिरातीत लिहिलंय, किंमत ते धरूनच आहे. यादीत नसलेलं काही सापडलं तर मात्र मोकळेपणानं कमी करा. हे एवढं एक पथ्य पाळलंत की घासाघीस अर्ध्यावर येते.

आईच्या अटीबद्दल. गाडी विकल्यावर तिचं काय होईल यावर तुमचा हक्क राहत नाही, तसा करार लिहून घेण्यात अर्थ नाही. पण माणूस निवडणं हातात आहे. सुट्या भागांसाठी घेणारा आरसीबद्दल फारसं विचारत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि दिव्यांबद्दल विचारतो. चालवणारा विचारतो की मेकॅनिक कोण होता. पुण्या-मुंबईत या मॉडेलच्या मालकांचे आपापसातले गट आहेत, जाहिरात तिथे आधी पोचू दे. दहा-वीस हजार कमी देणारा चालवणारा माणूस आला तर त्याला द्या, आईंना बरं वाटेल. लग्नात नवरदेव मिरवायला भाड्यानं देणार, असं उघड सांगणारेही येतील. खाजगी नोंदणीची गाडी भाड्यानं फिरवता येत नाही, आणि असा माणूस नाव ट्रान्सफरला टाळाटाळ करतो असा माझा अनुभव आहे.

टाळाटाळ मात्र अजिबात खपवून घेऊ नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती आणि जबाबदारी पहिल्या नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणून व्यवहाराच्या दिवशीच नमुना 29 आणि 30 पूर्ण भरून, तारीख घालून, घेणाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह करा, आणि ऑनलाइन अर्जाची पावती हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. पैसे बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होतो. स्वतःच्या वापरातली गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ती काळजी नको.

ट्रायलच्या दिवशी गाडी आधी चालू करून गरम करू नका. गिऱ्हाइकानं स्वतः बोनेटवर हात ठेवून ती गार आहे हे पाहावं आणि मग स्टार्टर मारावा. त्याच्या शेजारी तुम्ही किंवा मेकॅनिक बसा, परवाना बघून घ्या, मिरज रोडनं जाऊन या. एकट्याला गाडी देऊ नका, कितीही सभ्य दिसला तरी.

डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या, त्या दिवशी संध्याकाळी कुठे कॅमेऱ्यानं चलन फाडलं तर उपयोगी पडतं. ग्लोव्हबॉक्स आणि सीटखालचे कप्पे आईंना स्वतः रिकामे करू द्या. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा आणि बँकेत बंद करा, नाहीतर नवा मालक पुण्याला निघाला की तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर या तिन्ही नाक्यांचे पैसे तुमच्याच खात्यातून जातील.